कोंबडीखाद्य : भावाआधी ओल पाहा

कोंबडीपालनात सर्वात मोठा खर्च खाद्याचा आणि खाद्यात मोठा वाटा मक्याचा. म्हणून सातारा-सांगलीकडचे कुक्कुटपालक थेट शेतकऱ्याच्या खळ्यावरून मका घेतात. अडत वाचते, पण ओलीचा हिशेब राहून जातो. 20 टक्के ओलीचा 100 किलो मका 14 टक्क्यांपर्यंत वाळवला, तर 93 किलोच उरतो. 7 किलो पाण्याचे पैसे गेले! शिवाय ओल्या मक्याला बुरशी लागते. तिच्या अफ्लाटॉक्सिन विषाने कोंबडीचे यकृत बिघडते. तेव्हा पोत्याच्या तळातला मका काढा. कुबट वास आला तर सोडा. ओल मॉइश्चर मीटरवर मोजा. ओल्याला 93 रुपये, तर वाळलेल्याला 100 रुपये हा बरोबरीचा भाव. तो खुशीने द्या. शेतकरीही पुढच्या वेळी वाळवूनच देईल.