ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीची चाके : बेअरिंगला वंगण किती व कसे द्यावे

नंदुरबार जिल्ह्यात शहादा, तळोदे व नंदुरबार या तालुक्यांतील काळ्या जमिनीत ऊस, केळी, पपई व कापूस ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. हा माल पुरुषोत्तमनगरसारख्या ठिकाणच्या साखर कारखान्यापर्यंत अथवा बाजारापर्यंत पोचविण्याचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे. आज ते मुख्यत्वे ट्रॅक्टरची ट्रॉली व मालट्रक करतात. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. तत्पूर्वी बहुतेक शेतकरी ट्रॉलीची डागडुजी करून घेतात. फळ्या बदलतात, रंग देतात, टायर पाहतात. परंतु ज्या दोन लहान बेअरिंगांवर प्रत्येक चाकाचा सर्व भार असतो, त्यांच्याकडे मात्र चाक गरम होऊन आवाज करू लागल्यावरच लक्ष जाते. त्या वेळी बेअरिंग बहुधा निकामी झालेले असते. भरलेल्या ट्रॉलीचे चाक वाटेत निखळले, तर मालाचे नुकसान होतेच, शिवाय माणसांच्या जिवावरही बेतते. चांदसैली, देवगोई अथवा तोरणमाळच्या घाटात तर चाक किंवा ब्रेक दगा देऊन चालत नाही.

जुनी सवय व नवे चाक

लाकडी गाडीच्या चाकाला वंगण कितीही दिले तरी बिघडत नसे. जास्तीचे वंगण बाहेर येऊन गळून पडे. त्यामुळे ‘जितके अधिक तितके चांगले’ अशी आपली समजूत झाली आहे. ट्रॉलीच्या व ट्रकच्या चाकाला हा नियम लागू पडत नाही. या चाकांत शंकूच्या आकाराच्या रोलरांची बेअरिंगे असतात. अमेरिकेतील सेंट लुई येथील गाड्या बनविणारे हेन्री टिमकेन यांनी अशा बेअरिंगचे पेटंट १८९८ साली मिळविले. वरून येणारा भार व वळणावर बाजूने येणारा रेटा, हे दोन्ही एकाच बेअरिंगने पेलावेत, हा या रचनेचा हेतू होय.

रोलरांना वंगणाचा पातळ थर पुरतो. हब ग्रीसने ठासून भरल्यास चाक फिरताना ते ग्रीस सतत घुसळले जाते व तापते. तापलेले ग्रीस पातळ होऊन ऑईल सीलमधून बाहेर पडते. ज्या वाहनास ब्रेक आहेत, तेथे हे ग्रीस ब्रेकच्या अस्तरावर जाते आणि उतारावर ब्रेक लागत नाही. म्हणजे वंगण कमी पडल्याने जसा धोका आहे, तसाच ते अधिक झाल्यानेही आहे.

ग्रीस कोणते वापरावे

चुनायुक्त ग्रीस पाण्याला दाद देत नाही, परंतु उष्णतेने लवकर पातळ होते. सोडायुक्त ग्रीस उष्णता सहन करते, पण पाण्याने धुऊन जाते. लिथियमयुक्त ग्रीसमध्ये हे दोन्ही गुण आहेत. त्याचे पेटंट अमेरिकेत १९४२ साली घेतले गेले. चाकाच्या बेअरिंगसाठी सामान्यतः लिथियमयुक्त, २ क्रमांकाच्या घट्टपणाचे ग्रीस वापरावे. निर्मात्याने वेगळे ग्रीस सांगितले असल्यास तेच घ्यावे. दोन निरनिराळ्या जातींची ग्रीसे एकत्र केल्यास मिश्रण पातळ होण्याचा संभव असतो. म्हणून जुने ग्रीस संपूर्ण काढल्याखेरीज नवे भरू नये. डबा नेहमी झाकून ठेवावा. त्यात धूळ गेल्यास ग्रीस वंगणाचे नव्हे, तर कानशीचे काम करते.

खोलणे, धुणे व तपासणे

ट्रॉली रिकामी करून सपाट व कठीण जागेवर उभी करावी. उरलेल्या चाकांच्या पुढेमागे दगड लावावेत. आस जॅकने उचलल्यावर त्याखाली भक्कम घोडी अथवा लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये. चाक हाताने फिरवून घरघर ऐकू येते का, आणि वरखाली हलवून ढिलेपणा जाणवतो का, हे प्रथम पाहावे.

नंतर हबची टोपी, स्प्लिट पिन, नट व वॉशर काढावे. हब ओढून काढताना बाहेरचे बेअरिंग हाताने धरावे, म्हणजे ते मातीत पडणार नाही. बेअरिंगे रॉकेल अथवा डिझेलमध्ये ब्रशने स्वच्छ धुवावीत. या कामाच्या वेळी विडी ओढू नये व धुतलेले तेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. हवेच्या झोताने बेअरिंग गरगरा फिरवू नये. त्यातील रोलर सुटून इजा होऊ शकते. बेअरिंग पूर्ण कोरडे होऊ द्यावे, कारण राहिलेले रॉकेल नवे ग्रीस पातळ करते. पुसण्यास तंतू न सुटणारे कापड घ्यावे.

रोलरांवर अथवा कपाच्या आतील बाजूस खड्डे, ओरखडे किंवा उष्णतेने आलेली निळसर छटा दिसल्यास बेअरिंग बदलावे. कोन व कप यांची जोडी एकदमच बदलावी. नव्या कोनाखाली जुना कप ठेवणे ही खोटी काटकसर होय. कप बसविताना पितळी कांडीने चहूबाजूंनी सारखे ठोके द्यावेत व तो तळाशी पूर्ण टेकल्याची खात्री करावी. जुने ग्रीस पांढुरके, दुधासारखे दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे.

ग्रीस भरणे

हात स्वच्छ धुऊन डाव्या तळहातावर थोडे ग्रीस घ्यावे. बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत जावे. रोलरांमधून ग्रीस दुसऱ्या बाजूस दिसू लागले, की बेअरिंग थोडे फिरवून पुढील भाग भरावा. केवळ वरून ग्रीस फासल्याने रोलरांमधील जागा कोरडीच राहते. दोन्ही कपांवर पातळ थर द्यावा. हबच्या मधल्या पोकळीत सुमारे एकतृतीयांश ते निम्मे ग्रीस पुरे. आसाच्या टोकावरही गंज टाळण्यासाठी पातळ थर द्यावा. हबची टोपी ग्रीसने भरू नये.

ऑईल सील प्रत्येक वेळी नवे घालावे. त्याची ओठासारखी कड हबच्या आतील बाजूस असावी व तिला थोडे ग्रीस लावावे.

नट आवळणे

चाक हाताने फिरवीत राहून नट आवळावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. नंतर नट सुमारे एकषष्ठांश ते एकचतुर्थांश फेरा मागे घेऊन पिनेच्या भोकाशी जुळवावा. चाक मोकळे फिरावे व ढिलेपणा जेमतेम जाणवावा. निर्मात्याने माप दिले असेल तर तेच पाळावे. पिन नवीच घालावी. तिच्या जागी खिळा अथवा तार घालणे म्हणजे चाक निखळण्यास वाट करून देणे होय.

पाच-दहा किलोमीटर चालविल्यावर वाहन थांबवून हबला हळूच हात लावून पाहावा. कोमट असल्यास हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर नट अधिक आवळला गेला आहे किंवा ग्रीस अधिक झाले आहे, असे समजून पुन्हा तपासावे.

ट्रकचा मागील आस

अवजड ट्रकच्या मागील आसाच्या दुरुस्तीत प्रत्येक बाजूचा हाफ शाफ्ट काढावा लागतो. तो काढल्यावर ट्रक गिअरमध्ये ठेवूनही उभा राहत नाही, म्हणून चाकांना आधीच आडकाठी लावावी. आसाच्या नळीतील गिअर ऑईल सील झिजल्यास हबमध्ये शिरते, ग्रीस पातळ करते व ब्रेकपर्यंत पोचते. आसावरील हवा जाण्याचे छिद्र चिखलाने बुजले असल्यास आतील दाब वाढून हेच घडते. त्यामुळे ते छिद्र साफ करणे विसरू नये.

केव्हा करावे

पावसाळा संपल्यावर व हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा हे काम अवश्य करावे. हंगामाच्या मध्यावर चाकांचा आवाज व ढिलेपणा तपासावा. हब नाल्याच्या पाण्यात बुडाला असल्यास तो लवकरात लवकर उघडून पाहावा. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतील हवा आकुंचन पावते व सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी वाहन थोडा वेळ थांबविणे हिताचे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावात एका ट्रॉलीवर हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे. सोबत एक खराब झालेले व एक नवे बेअरिंग ठेवावे आणि दोन्ही शेतकऱ्यांच्या व ट्रॅक्टरचालकांच्या हातात द्यावीत. खड्डे पडलेल्या रोलरवरून बोट फिरविल्यावर जे कळते, ते समजावून सांगण्यास फारसे शब्द लागत नाहीत.