तळ्यातील दोन वल्हेकरी

गावच्या तळ्याकाठी घटकाभर उभे राहिले असता पाण्यात दोन लहान कीटक दृष्टीस पडतात. दोघेही सुमारे १ सेंटिमीटर लांब. दोघेही मागील लांब पायांनी, नावाडी वल्ही मारितो त्याप्रमाणे, पाणी मागे सारितात. यास्तव पुष्कळ जण त्यांस एकच समजतात. परंतु ते भिन्न आहेत.

एक उताणा पोहतो. त्याची पाठ होडीच्या तळासारखी निमुळती व बहुधा फिकट असते. तो शिकारी आहे. हाती धरिल्यास त्याचा दंश फार झोंबतो. दुसरा पालथा पोहतो. त्याची पाठ चपटी असून तीवर बारीक रेघा असतात. तो पळीसारख्या पुढील पायांनी तळचे शेवाळ व गाळातील कण गोळा करून खातो, आणि मनुष्यास चावत नाही.

तर उताणा दुष्ट व पालथा साधू, असे म्हणावे काय? तसे नव्हे. डासांपासून हिवताप होतो, आणि त्या डासांच्या अळ्या उताणा खातो. शिवाय दोघांनाही श्वासाकरिता वर यावे लागते. उताणा शेपटीकडून, पालथा डोक्याकडून हवा घेतो, व ती अंगाशी धरून खाली जातो. रीत निराळी, हवा एकच.

मंडळीत एखादा बंधू बोलण्यात तिखट असतो. त्यास दूर करण्यापूर्वी तो कोणते काम करितो हे पाहावे, आणि करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १२, घरी मिळून वाचावा.