जुन्या डीझेल मोटारीची पहिली निगा

चेन्नईजवळच्या मराइमलै नगर येथील कारखान्यातून फोर्ड कंपनीच्या डीझेल मोटारी अनेक वर्षे बाहेर पडत असत. 2021 साली कंपनीने भारतातील मोटारींचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. पण त्या मोटारी अजून धावत आहेत आणि एका हातातून दुसऱ्या हातात जात आहेत. अशी मोटार घेणाऱ्यास पहिली शंका येते ती ही की, मागील मालकाने तिची निगा राखली होती काय? विक्रेत्याचे तोंडी आश्वासन हा पुरावा नव्हे. पावती नसेल तेथे काम झालेच नाही असे धरून चालावे.

परंतु सर्व कामे एकदम करणे सर्वांनाच परवडते असे नाही. मग आधी काय करावे? त्यासाठी एंजिनाचे अंतरंग पाहावयास हवे.

रूडॉल्फ डीझेल याचे एंजिन 1897 साली यशस्वी ठरले. त्यात ठिणगीचे काम नाही. दट्ट्या सिलिंडरमधील हवा इतकी दाबतो की, तिचे तपमान 500 अंश सेंटिग्रेडच्या वर जाते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. एवढा दाब यावा म्हणून, दट्ट्या वर आला असता त्याच्या माथ्यावर अगदी थोडी जागा उरते. झडपांची वेळ सांभाळणारा दातेरी रबरी पट्टा, ज्याला मिस्त्री टायमिंग बेल्ट म्हणतात, तो तुटला तर उघडी झडप दट्ट्यावर आदळते आणि क्षणार्धात एंजिन निकामी होते. बहुधा पूर्वसूचनाही मिळत नाही. शिवाय रबर नुसत्या वयानेही तडकते. तेव्हा मोटार कमी धावली असली तरी पट्ट्याचे वय विचारावे. काही एंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते, हे मोटारीच्या पुस्तिकेत पाहावे.

त्यानंतर वंगणाचे तेल व त्याची गाळणी. काजळीमुळे नवे तेलही लवकरच काळे होते, त्यास भिऊ नये. ते दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले, तर मात्र त्यात पाणी शिरले आहे. डिसेंबर 2015 च्या महापुरात आणि डिसेंबर 2023 मधील मिचाँग वादळात चेन्नईतील पुष्कळ मोटारी पाण्यात बुडाल्या होत्या. तेल बदलताच ही खूण नाहीशी होते, हे चतुर विक्रेता जाणतो. म्हणून सतरंजीखालचा गाळ आणि आसनांच्या रुळांवरील गंजही पाहावा.

इंधनाची गाळणी तितकीच महत्त्वाची. आधुनिक एंजिनात इंधन वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबाने फवारले जाते, आणि फवाऱ्याच्या सूक्ष्म भागांना वंगण मिळते ते त्या इंधनाचेच. पाणी आले की ते गंजतात. डीझेलहून पाणी जड असल्यामुळे ते गाळणीच्या तळाशी साचते; अनेक गाळण्यांना ते काढण्यासाठी खाली लहान तोटी असते. एंजिन थंड असताना तेथील द्रव पारदर्शक बाटलीत घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवावा. तळाशी पाण्याचा थर दिसल्यास गाळणी बदलावी, आणि त्यात तांबूस कण असल्यास टाकीही उतरवून धुवून घ्यावी.