औषधाचें सूक्ष्म वाहन

खामगांवच्या बाजारीं निघालेली गाडी वाटेंत कापूस सांडीत गेली, तर धन्याचें नुकसान होतें. परंतु औषध शरीरांत भलत्या ठिकाणीं सांडलें, तर रोग्याच्या जिवावर बेततें. अँफोटेरिसिन-बी ह्या औषधाचा दोष हाच. व्हेनेझुएला देशाच्या मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून तें १९५५ च्या सुमारास मिळालें. बुरशीच्या पेशींच्या पडद्यास छिद्रें पाडून तें तिचा नाश करितें. पण आपल्या पेशींचे पडदेहि कांहींसे तसेच असल्यामुळें मूत्रपिंडांसहि इजा पोहोंचते.

ह्यावर उपाय सांपडला तो वाहनाचा. विशिष्ट स्निग्ध पदार्थ पाण्यांत घातले असतां त्यांच्या आपोआप पोकळ पिशव्या बनतात, हें १९६० नंतर इंग्लंडांतील अ‍ॅलेक बँगहॅम ह्यांनीं दाखविलें. ह्याच लायपोसोम. त्यांच्या भिंतींत औषध बसविलें, म्हणजे तें वाटेंत फारसें गळत नाहीं. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग तो नॅनोमीटर. अशा शंभर नॅनोमीटरांहूनहि लहान पिशव्या बनवितां येतात. भारतांत हें औषध सिद्ध करण्याच्या कामीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. नीलिमा क्षीरसागर ह्यांचा वांटा मोठा आहे.

ह्या औषधाचें नांव आपल्याकडे घरोघरीं झालें तें २०२१ सालीं. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, विशेषतः मधुमेही व स्टेरॉइड घेतलेल्या रोग्यांत, म्यूकरमायकोसिस म्हणजे ‘काळी बुरशी’ पसरली. ती नाकांतून डोळ्याकडे व मेंदूकडे सरकते. कित्येकांचा डोळा वा जबडा काढावा लागला. औषध मात्र मिळेना. मिळालें तरी एका बाटलीस सुमारें ७,००० रुपये, आणि बाटल्या लागत पुष्कळ! शोध लागला म्हणून औषध गरिबाच्या दारीं येतें, असें नाहीं. मे महिन्यांत वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस कंपनीनें ह्याच औषधाचें इमल्शन, म्हणजे स्निग्ध थेंबांतून दिलें जाणारें रूप, तयार करण्यास आरंभ केला. किंमत १,२०० रुपये जाहीर झाली. जूनमध्यें सरकारनें ह्या औषधावरील जी. एस. टी. माफ केला.

किंमत उतरली तरी कांहीं अडचणी उरतातच. लायपोसोमांपैकीं पुष्कळसे यकृत व प्लीहा अडवून धरतात. मूत्रपिंडांवर नजर ठेवावीच लागते. शिवाय ही बुरशी रक्तवाहिन्याच बुजवून टाकते. रस्ता बंद झाला, तर गाडी कितीहि चांगली असली तरी ती पोहोंचणार कशी? म्हणून मेलेला भाग शल्यवैद्यास कापून काढावा लागतो, आणि औषधाचें काम जेथें रक्त अद्याप वाहतें तेथें चालतें.