३०० किलोमीटरनंतरचा खोकला

प्रश्न : माझा मुलगा ३०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीची, तयारी करतोय. पहाटे सायकल घेऊन विजापूर रोडला निघतो, दुपारी परततो आणि रात्रीपर्यंत खोकत बसतो. एवढ्या श्रमाने फुप्फुसं मजबूत होतात की खराब?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सरावाने हृदय ताकदवान होतं, पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. फुप्फुसं मात्र मोठ्या माणसात जवळपास आहेत तेवढीच राहतात. त्यांची क्षमता मुळातच भरपूर असते : बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, चढावर जीव तोडून पेडल मारताना शंभरावर.

खरी झळ बसते ती श्वासनलिकांच्या अस्तराला. नाकातून जाणारी हवा कोमट, ओलसर आणि बरीचशी गाळलेली होऊन खाली पोचते. दम लागला की नाक पुरत नाही, तोंड उघडतं आणि कोरडी हवा थेट आत जाते. अस्तरातलं पाणी उडतं, तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडतात आणि नळ्या आवळल्या जातात. नॉर्वे-स्वीडनच्या लांब पल्ल्याच्या स्कीपटूंमध्ये दम्याचं प्रमाण जास्त आढळतं, ते थंड, कोरड्या हवेमुळे. आपल्याकडे कोरड्या हवेच्या जोडीला साइडपट्टीवरची धूळ असते आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागचा काळा धूर.

श्रमाने आवळलेल्या नळ्या बहुधा तासाभरात मोकळ्या होतात. तुमच्या मुलाचा खोकला रात्रीपर्यंत टिकतो, म्हणून मला तो साधा वाटत नाही. छातीच्या डॉक्टरांकडून व्यायामाआधी आणि नंतर स्पायरोमेट्री करून घ्या. व्यायामानंतर पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा १० टक्के किंवा त्याहून जास्त घटली, तर श्रमाने नळ्या आवळल्या जातात हे निदान जवळपास पक्कं. त्यावर औषधं चांगली आहेत.

अतिदीर्घ शर्यतीत श्वासपटलही थकतं. मग शरीर पायांकडचं रक्त आखडतं घेऊन श्वासाच्या स्नायूंना पुरवतं. ‘पाय गेले’ असं सायकलस्वार म्हणतात, त्यात थकलेल्या श्वासाचाही वाटा असतो. विश्रांतीने हे भरून निघतं. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’चे सुमारे ४,९०० किलोमीटर एकट्याने, १२ दिवसांच्या आत पार केले. आधी वाळवंटाची रखरखीत हवा, मग ३,००० मीटरवरचे घाट! माणसाचा श्वास केवढं सोसतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तेव्हा मुलाला थांबवू नका. पहिली १०-१५ मिनिटं सावकाश चालवू दे, तोंडावर पातळ कापड बांधू दे. मात्र बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा गुलाबीसर फेसाळ थुंकी आली, तर तसंच हॉस्पिटल गाठा.