अतिअल्प उष्मांकाचा पर्यायी आहार : कोणी घ्यावा, कोणता घ्यावा, कोणी टाळावा

वार्षिक अहवालात आरोग्यविषयक एखादा लेख समाविष्ट करण्याचा आमच्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. पन्नाशीतील एक गृहस्थ अर्धवट शुद्धीत आमच्या आकस्मिक विभागात आणले गेले. अनेक वर्षांपासून त्यांना मधुमेह होता व ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. परिचिताच्या सांगण्यावरून त्यांनी तीन दिवसांपूर्वी दोन्ही वेळचे जेवण बंद करून वजन घटविण्याची भुकटी पाण्यातून घेण्यास प्रारंभ केला होता. आहार एकतृतीयांशावर आला. गोळी मात्र पूर्वीइतकीच राहिली. रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली गेली. या वर्गातील गोळ्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकत असल्याने साखर दिल्यावरही त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत निरीक्षणाखाली ठेवावे लागले. सुदैवाने ते पूर्ण बरे होऊन घरी गेले.

या प्रसंगात दोष भुकटीचा नव्हता आणि गोळीचाही नव्हता. दोन्ही एकत्र घेण्यापूर्वी कोणी कोणास विचारले नाही, हा खरा दोष. असा आहार सरसकट निषिद्ध मानणे जितके अयोग्य, तितकेच तो स्वतःच्या मनाने सुरू करणेही अयोग्य होय. म्हणून या विषयाची दोन्ही अंगे वाचकांसमोर ठेवीत आहोत.

हा आहार म्हणजे नेमके काय?

दिवसाकाठी ८०० किलोकॅलरींहून कमी ऊर्जा देणाऱ्या आहारास अतिअल्प उष्मांकाचा आहार म्हणतात. ८०० ते १२०० किलोकॅलरींचा आहार हा अल्प उष्मांकाचा. यांसाठी बाजारात पुड्या, पेये, सूप वा वड्या मिळतात. त्यांत प्रथिने, जीवनसत्त्वे व क्षार मोजून घातलेले असतात. सर्व जेवणे बंद करून केवळ याच पुड्या घेणे हा संपूर्ण पर्याय. एक वा दोन जेवणांऐवजी पुडी व उरलेले जेवण घरचे, हा अंशतः पर्याय.

हे सर्व पाण्यासारखे पिऊन उपवास करणे नव्हे. आपल्याकडील उपवासाची स्थिती 'एकादशी दुप्पट खाशी' या म्हणीत सांगितलीच आहे. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट व तेल भरपूर, प्रथिने मात्र नाममात्र. याउलट निव्वळ पाण्यावर राहिल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शास्त्रीय पर्यायी आहाराचा हेतू ऊर्जा कमी देऊन स्नायू राखणे हा आहे.

इतिहासाने दिलेला धडा

अमेरिकेत १९७६ साली द्रवरूप प्रथिनांच्या आहाराचा पुरस्कार करणारे एक पुस्तक गाजले आणि तशा बाटल्यांची मोठी विक्री झाली. १९७७-७८ च्या सुमारास हा आहार घेणाऱ्यांपैकी साठाच्या आसपास व्यक्तींचे मृत्यू नोंदविले गेले. त्यांतील अनेकांच्या हृदयाची लय अकस्मात बिघडली होती. ही प्रथिने जनावरांच्या कातडी व स्नायुबंधांपासून काढलेल्या कोलॅजेनची होती. शरीरास अत्यावश्यक असलेले ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल कोलॅजेनमध्ये नसते. पोटॅशियम व मॅग्नेशियमचाही पुरेसा पुरवठा नव्हता, आणि अनेकांनी तो वैद्यकीय देखरेखीविना महिनोन्महिने चालविला होता.

त्यानंतर दूध, अंडी वा सोयाबीनपासूनच्या उत्तम प्रथिनांचा वापर रूढ झाला. आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगाने १९९५ साली असा आहार ४५० ते ८०० किलोकॅलरींचा असावा व त्यातून दररोज किमान ५० ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळावीत, असे मानक ठरविले. युरोपीय संघात २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी संपूर्ण पर्यायी आहारासाठी ऊर्जेची मर्यादा ६०० ते १२०० किलोकॅलरी व प्रथिनांची ७५ ते १०५ ग्रॅम अशी ठरविली. ऊर्जेची व प्रथिनांची किमान पातळी उंचावत गेली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

वजन किती घटेल? एक साधे गणित

शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० किलोकॅलरी. नव्वद किलो वजनाच्या एखाद्या व्यक्तीचा रोजचा खर्च २२०० किलोकॅलरी आहे व ती ८०० घेते, असे मानू. रोजची तूट १४००, आठवड्याची ९८००. म्हणजे आठवड्यास सुमारे सव्वा किलो. पुढे वजन घटते तसा शरीराचा खर्चही घटतो व वेग मंदावतो.

पहिल्या आठवड्यात मात्र काटा तीन-चार किलोही उतरू शकतो. यकृतात व स्नायूंत साठविलेले ग्लायकोजेन या काळात संपते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. ती घट मुख्यतः पाण्याची असते व नेहमीचे जेवण सुरू होताच भरून येते. 'सात दिवसांत सात किलो' या जाहिरातीचे रहस्य यातच आहे.

ऊर्जा जितकी कमी, तितके अधिक बरे काय?

असा समज सर्वत्र आढळतो, परंतु संशोधन त्यास दुजोरा देत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांचे तीन गट करून त्यांना अनुक्रमे ४२०, ६६० व ८०० किलोकॅलरींचा आहार दिला गेला. घटलेल्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. २००६ साली सहा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार अतिअल्प उष्मांकाच्या आहाराने प्रारंभी मूळ वजनाच्या सुमारे १६ टक्के, तर अल्प उष्मांकाच्या आहाराने सुमारे १० टक्के घट झाली. परंतु वर्षाहून अधिक काळानंतर हीच घट अनुक्रमे सुमारे ६ व ५ टक्के उरली. आरंभीची आघाडी कालांतराने बहुतेक विरून जाते.

सबब, ८०० च्या आसपासचा आहार उपलब्ध असता ४५० चा निवडण्यात लाभ जवळजवळ नाही, धोका मात्र अधिक आहे. ज्यास घाई करण्याचे वैद्यकीय कारण नाही, त्याने १२०० ते १५०० किलोकॅलरींचा घरचा आहार वा अंशतः पर्याय निवडणे अधिक श्रेयस्कर होय.

मग संपूर्ण पर्यायाचा उपयोग कोणास?

याचे उत्तर ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या अभ्यासाने दिले आहे. गेल्या सहा वर्षांत टाइप २ मधुमेह जडलेल्या व इन्शुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने ८२५ ते ८५३ किलोकॅलरींचा पर्यायी आहार दिला गेला. त्यानंतर हळूहळू जेवण सुरू करून दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतर ४६ टक्के रुग्ण औषधांविना मधुमेहमुक्त पातळीवर होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक घटले, त्यांच्यात ते ८६ टक्के होते. यकृत व स्वादुपिंडातील अतिरिक्त चरबी उतरल्याने हे घडते, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे.

तथापि चित्राची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. दोन वर्षांनंतर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. आणि पुढे पाठपुरावा सुरू ठेवलेल्या ८५ जणांपैकी पाच वर्षांअखेर ११ जणच औषधमुक्त होते. वजन परतले तिथे मधुमेहही परतला. तसेच या अभ्यासात मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली बंद केल्या होत्या, हे विसरता कामा नये. आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या बाबतीत नेमकी हीच पायरी राहून गेली होती.

कोणी हा आहार घेऊ नये

गर्भवती व स्तनदा माता, बालके व किशोरवयीन मुले, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण, नुकताच हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका आलेले, हृदयाची लय अनियमित असलेले, यकृत वा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेले, आणि खाण्याच्या बाबतीत मानसिक विकार असलेले यांनी तो घेऊ नये. वृद्धांच्या बाबतीत स्नायू झिजण्याचे भय अधिक असल्याने विशेष सावधगिरी हवी.

इन्शुलिन, ग्लिमेपिराइड वा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांना साखर घसरण्याचा धोका असतो. डापाग्लिफ्लोझिन वा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या रक्तात आम्लता वाढू शकते. रक्तदाबाच्या व लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांमुळे उभे राहताच चक्कर येऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनची मात्राही नव्याने ठरवावी लागते. सारांश, नियमित औषध घेणाऱ्या प्रत्येकाने आधी डॉक्टरांस विचारावे.

निरोगी व्यक्तीसही काही त्रास संभवतात : बद्धकोष्ठ, डोकेदुखी, थंडी वाजणे व दोन-तीन महिन्यांनी केस गळणे. यूरिक आम्ल वाढून गाउटची कळ उठू शकते. वजन झपाट्याने घटताना व आहारात स्निग्धांश फार कमी असताना पित्ताशय पुरेसे रिकामे होत नाही व खडे तयार होतात. उजव्या बरगडीखाली तीव्र वेदना झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. वजन घटल्यावर स्त्रियांत बीजोत्पत्ती पूर्ववत होऊन अनपेक्षित गर्भधारणाही होऊ शकते, हेही ध्यानात असावे.

निवड कशी करावी

ज्यांनी डॉक्टरांच्या संमतीने हा मार्ग स्वीकारला आहे, त्यांनी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. पुडीवरील ऊर्जा व प्रथिने दिवसाच्या पुड्यांनी गुणावीत. रोज चार पुड्या असतील तर एकूण ऊर्जा ८०० च्या आसपास व प्रथिने ७५ ग्रॅमच्या जवळपास असावीत. ५० ग्रॅमच्या खाली तर कदापि नसावीत.

२. घटकांच्या यादीत अग्रभागी दुधाची वा सोयाबीनची प्रथिने असावीत. साखर वा माल्टोडेक्स्ट्रिन नव्हे.

३. व्यायामशाळेत मिळणारी प्रथिनांची भुकटी हा जेवणास पूर्ण पर्याय नव्हे. तीत जीवनसत्त्वे, क्षार व आवश्यक स्निग्धाम्ले पुरेशी असतीलच असे नाही.

४. वेष्टनावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक असावा. मात्र तो उत्पादकाचा परवाना आहे, वजन घटण्याची हमी नव्हे.

५. दूध पचत नसल्यास दुधाच्या भुकटीने पोटात वायू व जुलाब होतात. अशांनी सोयाबीनचा पर्याय पाहावा.

६. चार पुड्या व बारा आठवडे म्हणजे ३३६ पुड्या. एका पुडीची किंमत या संख्येने गुणून मगच निर्णय घ्यावा. मध्येच पैसे संपून आहार सोडणे हे न करण्याहून वाईट.

७. बारा आठवड्यांपेक्षा अधिक काळ संपूर्ण पर्यायावर राहू नये. दिवसभरात दोन ते सव्वादोन लिटर पाणी प्यावे.

विक्रेताच सल्लागार असेल, तर सल्ल्याचे मोल त्या प्रमाणात कमी समजावे.

घरच्या अन्नातून हे साधेल काय?

हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. साठ ग्रॅम प्रथिने केवळ डाळीतून मिळवायची तर अडीचशे ग्रॅमहून अधिक कोरडी डाळ लागते आणि तिच्यातूनच ८०० हून अधिक किलोकॅलरी होतात. भाजी-भाकरीस जागाच उरत नाही. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीतून तितकीच प्रथिने सुमारे ६०० किलोकॅलरींत मिळतात. म्हणूनच बहुतेक पुड्या दुधावर आधारलेल्या असतात. घरच्या अन्नाचे ८०० किलोकॅलरींचे स्वरचित आहार आम्ही सुचवीत नाही, त्याचे कारण हेच.

परंतु १२०० ते १५०० किलोकॅलरींत घरचे जेवण उत्तम बसते. ज्वारी वा नाचणीची भाकरी, घट्ट वरण, मटकीची वा मुगाची उसळ, भरपूर पालेभाजी व कोशिंबीर, साय काढलेल्या दुधाचे दही-ताक, आणि चालत असेल त्यास अंडी वा मासे. तेल, साखर, फरसाण व चहाबरोबरची बिस्किटे मोजूनच. ज्यांस पुड्या परवडत नाहीत, त्यांनी स्वतःस दुर्दैवी समजू नये. दीर्घकालीन फळ जवळपास तेच आहे.

खरी परीक्षा नंतरची

१९८८ साली अमेरिकेतील सुप्रसिद्ध दूरचित्रवाणी निवेदिका ओप्रा विनफ्री यांनी द्रव आहारावर सुमारे ३० किलो वजन घटविले व तितक्या वजनाची चरबी गाडीत भरून प्रेक्षकांना दाखविली. नेहमीचे खाणे सुरू होताच वजन परतू लागले, हे त्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितले. साधनसंपन्न व्यक्तीची ही कथा, तर इतरांची काय!

म्हणून पुड्या संपण्याच्या दिवसापूर्वीच पुढील योजना तयार हवी. एका वेळी एकच जेवण सुरू करावे व हा बदल दोन ते आठ आठवड्यांत पूर्ण करावा. आठवड्यातून एकदा वजन नोंदवावे. दोन किलो वाढताच, पाच होण्याची वाट न पाहता, आहारतज्ज्ञांस भेटावे. रोजचे चालणे वजन घटविण्यापेक्षा घटलेले टिकविण्यास अधिक उपयोगी पडते.

आरंभी सांगितलेले गृहस्थ दोन महिन्यांनी स्वतःहून आमच्या आहार विभागात आले. त्यांची गोळी आधी बंद केली, साखर दररोज तपासली आणि मगच पर्यायी आहार सुरू केला. बारा आठवड्यांत त्यांचे वजन अकरा किलो घटले. वर्षभरात त्यांतील चार किलो परतले. मधुमेह गेला नाही, परंतु पूर्वीच्या दोन औषधांपैकी एकच उरले. यास आम्ही यश मानतो, कारण ते खरे आहे व टिकणारे आहे.

आपल्या घरी वा परिचयात कोणी अशी पुडी आणली असेल, तर ती उघडण्यापूर्वी चालू औषधांच्या चिठ्ठ्यांसह नजीकच्या डॉक्टरांकडे वा आमच्या बाह्यरुग्ण विभागात यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. एवढी दक्षता घेतली, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.