आपलंच यश परकं वाटतं तेव्हा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी इंजिनिअर होऊन हिंजवडीच्या कंपनीत रुजू होते. काम चोख करते, तरी मनात धाकधूक: आपण इथे चुकून आलो, आज ना उद्या पितळ उघडं पडणार. यालाच इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून तो मांडला. पुढे पुरुषांतही तो दिसला. हा आजार नव्हे.

त्याचं एक चक्र असतं. काम आलं की भीती वाटते. मग कुणी रात्ररात्र जागून तयारी करतं, कुणी शेवटच्या दिवसापर्यंत चालढकल. काम जमतं, पण पहिला म्हणतो, ‘एवढं राबलो म्हणून जमलं’, दुसरा म्हणतो, ‘नशीब’. यश दोघांच्याही खात्यात जमाच होत नाही. म्हणून सुरुवात हिशेबापासून करायची.

१. एक वही घ्या. काम हाती येताच भीती एका ओळीत, तारखेसह लिहा: ‘क्लायंटने प्रश्न विचारला की माझी बोबडी वळेल.’ काम संपल्यावर त्याखाली प्रत्यक्षात काय घडलं ते लिहा, आणि मग त्यात तुम्ही स्वतः केलेल्या तीन गोष्टी. ‘नशीब’ किंवा ‘सगळं टीमनेच केलं’ हे लिहायचं असेल तर त्यानंतर. माझा सर्वांत जास्त भरवसा याच पायरीवर आहे. झालेली फजिती वर्षानुवर्षं आठवते, पण खोटी ठरलेली भीती आठवड्यात विसरली जाते.

२. कौतुक झालं की ‘अहो, त्यात काय एवढं!’ म्हणू नका. ‘धन्यवाद’ म्हणा आणि ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. चारचौघांत नम्रता शोभते, पण मनातूनही कौतुक झटकून टाकलं तर नुकसान आपलंच.

३. ओळखीच्या कामाच्या तयारीला वेळ आधीच ठरवा आणि तो संपला की थांबा. जागरणाशिवायही काम जमतं, हे त्याशिवाय कळणार नाही.

४. विश्वासातल्या माणसाशी बोला. क्लान्स आणि आइम्स यांनी गटात बोलण्यावर भर दिला होता. समोरची हुशार बाई स्वतःला नालायक म्हणते तेव्हा त्यातला फोलपणा चटकन दिसतो. मग स्वतःबद्दलचं तेच मत तपासून पाहावंसं वाटतं.

५. खरी उणीव वेगळी काढा. एखादं सॉफ्टवेअर येत नसेल तर ते शिकायला मुदत घाला. पण उच्चारांवरून कुणी हसत असेल, आडनाव कळल्यावर वागणूक बदलत असेल, तर दोष तुमच्यात नाही. तिथे वही पुरत नाही. घटना लिहून ठेवा, साक्षीला सहकारी घ्या, वरिष्ठांकडे तक्रार करा. असा भेदभाव सोसणाऱ्यांना नुसतं ‘आत्मविश्वास वाढव’ सांगणं हा अन्याय आहे.

झोप, भूक बिघडली किंवा कामावर जाणंच नकोसं झालं, तर समुपदेशकाकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.